कोळी निर्दोष आहे, देवगडकर

देवगडकर, तुझी तक्रार तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा चहा सांडला. जे काल रात्री नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या मंडळींची संगणकावरची मोटार शर्यत होती, सर्किट ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टचं, देवगडकर साहेब शेवटच्या फेरीत तिसरे. तेवढ्यात तळहाताएवढा कोळी स्टिअरिंगवर चढला, पोटाखाली पांढरी चकती घेऊन. साहेबांनी दोन्ही हात सोडले, गाडी भिंतीवर. आता म्हणणं असं, की कोळी विषारी होता का ते सांगा आणि शर्यत पुन्हा घ्या. त्यावर वेंगुर्लेकराने 'केळ्यातला जीवघेणा कोळी आहे, घर सोड' असा सल्ला दिलाय आणि दापोलीकर स्टिअरिंग निम्म्या किमतीत मागतोय. (दापोलीकरा, मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच.)

विषारी होता का? होता. जवळजवळ सगळेच कोळी विषारी असतात. जगात कोळ्यांच्या ५०,०००हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, त्यांत विषग्रंथीच नसलेले अगदी मोजके. पण ते विष झुरळाच्या मापाचं असतं, देवगडकराच्या नव्हे.

तू वर्णन केलंयस ती शिकारी कोळ्याची मादी. ही जाळं विणत नाही, भिंतीवर दबा धरून झडप घालते. कौलारू घरात वाढलेल्या प्रत्येकाने हिला माळ्यावर किंवा न्हाणीघरात पाहिलेलं असतं. ती पांढरी चकती म्हणजे अंड्यांची पिशवी, पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती अशीच सांभाळत फिरते. म्हणजे तू काल एका लेकुरवाळीला घाबरलास. चावली तर दुखेल, सुजेल, आणि अंडी असताना ती जरा तापट असते, त्यामुळे बोटाने ढोसू नकोस. मोठी बरणी वर पालथी घालायची, खालून लग्नपत्रिका सरकवायची, आगरात नेऊन सोडायचं. पत्रिका जाड घे. आमची आई तर तेवढंही करू देत नाही. 'राहू दे तिला, झुरळं खाते' म्हणते, आणि झुरळांच्या बाबतीत मी आईशी वाद घालत नाही.

वेंगुर्लेकराची चूक कुठे झाली तेही कळलं. हा शिकारी कोळी केळ्यांच्या घडांतून, जहाजांतून उष्ण देशांत सगळीकडे पोचला, म्हणून इंग्रजीत त्याला केळ्यांचा कोळी म्हणतात. नेमकं तेच नाव दक्षिण अमेरिकेतल्या भटक्या कोळ्यालाही पडलंय आणि तो खरोखरच खतरनाक आहे. नाव एक, बिऱ्हाडं दोन. वेंगुर्लेकर इंटरनेटवर शोधतो, पहिला फोटो उघडतो आणि आपल्याला घर सोडायला सांगतो.

बरं, घाबरायचंच होतं तर सर्किटला घाबरायचं. बाथर्स्ट न्यू साउथ वेल्समध्ये, आणि त्याच राज्यात सिडनीच्या आसपास फनेल-वेब कोळी राहतो. त्याच्या विषाने माणसं गेलीत, आणि त्यात नर मादीपेक्षा जहाल. पण १९८१ साली त्यावरचं प्रतिविष आलं आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू नोंदला गेलेला नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात बदनाम कोळ्यापेक्षा आपला महामार्ग जास्त माणसं खातो.

आता खरा मुद्दा. तू आपटलास ते फॉरेस्ट्स एल्बोला. जॅक फॉरेस्ट नावाचा मोटारसायकलवाला तिथे घसरला आणि कोपर सोलून घेऊन गेला, त्यावरून त्या वळणाचं नाव. मी तुझ्या मागच्या चार शर्यती पाहिल्यात. चारही वेळा तू तिथेच आपटलायस. तेव्हाही कोळी होता का?

होतं काय, की वर स्कायलाइन नावाच्या माथ्यापर्यंत चढ आणि मग एकदम उतार. सर्किट ६.२१३ किलोमीटरचं, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या बिंदूत १७४ मीटरचा फरक. उतारावर ब्रेक मारलास की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. त्यात तू स्टिअरिंग वळवलेलं असतानाच ब्रेकवर नाचतोस. मागचा भाग सुटणार नाही तर काय? ब्रेक सरळ रेषेत संपव, वळायला लागल्यावर पाय अलगद सोडत ने. कुंभार्ली उतरताना एसटीचा ड्रायव्हर काय करतो ते आठव. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही शाळा आपल्या घाटांनी फुकट काढलीय. मी चिपळूणच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून रोड रॅश हा मोटारसायकलींचा गेम खेळलोय. तिथे ब्रेक कमी आणि शेजारच्याला हाणायची साखळी जास्त चालायची, म्हणून मलाही हे उशिराच कळलं. आणि हो, ते सर्किट म्हणजे एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे. कडेला लोकांची घरं आहेत, ताशी ६०ची मर्यादा आहे. तुझ्या वेगाने तिथले आजोबा भाजी आणायला जातात.

एक गोष्ट मात्र बरोबर केलीस. आदळताना हात सोडलेस. फोर्स फीडबॅकची, म्हणजे गेममधला धक्का स्टिअरिंगला देणारी, मोटर अशा वेळी चाक असं गरकन फिरवते की आत अडकलेला अंगठा मुरगळतो. खरे रेसरही भिंत दिसली की हात काढून घेतात. शिकवणी कोळ्याची, श्रेय तुझं.

'कोळ्याला रेसिंगमधलं काय कळतं' असं दापोलीकराने विचारलंय. ऐक. कोळ्याच्या पायात काही सांधे सरळ करायला स्नायूच नसतात. आतल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताणतो. म्हणून मेलेला कोळी मूठ मिटल्यासारखा आखडतो, दाब गेला की पाय आत. आपल्या गाडीचा ब्रेक दुसरं काय करतो? आणि तुझ्या पाहुणीच्याच कुळातला एक भाऊबंद मोरोक्कोच्या वाळवंटात असतो, २०१४ मध्ये त्याचं शास्त्रीय बारसं झालं. संकट आलं की कोलांट्या मारत पळतो. धावून सेकंदाला एक मीटर, कोलांट्यांनी दोन. तुझी गाडीही कोलांट्या मारते, पण तुझा वेग वाढत नाही.

गाड्या आणि कोळी यांचं खरं वैर झालं ते २०११ मध्ये. उत्तर अमेरिकेत माझदाने सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणत होते. नळी तुंबली की टाकीत पोकळी होऊन तिला तडा जायचा. पेट्रोलच्या वासाने येतात म्हणे. तुझ्या संगणकाला पेट्रोलचा वास येत नसेल तर निश्चिंत राहा.

दोन गोष्टी मात्र गंमत सोडून. 'कोळी मुतला' म्हणून अंगावर फोड येतात ना, ते कोळ्याचं काम नव्हे, बहुतेकदा नारिंगी-काळ्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या एका किड्याचं असतं. पावसाळ्यात तो उजेडाला येतो, आणि रात्री बारा वाजता घरात उजेड तुझ्याच स्क्रीनचा. मानेवर बसला तर चिरडू नकोस, फुंकर मारून उडव, कारण चिरडल्यावरच त्याचं रसायन कातडीला लागतं. आणि गडग्याच्या चिऱ्यात हात घालताना कोळ्याची नाही, त्याच्या नातलगाची आठवण ठेव. आपल्याकडचा लाल विंचू माणूस मारू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले की मांत्रिक नको, थेट दवाखाना.

शर्यत पुन्हा घेणार नाही. तिसरा क्रमांक दापोलीकराला गेलाय, म्हणूनच त्याला स्टिअरिंग स्वस्तात हवंय. रविवारी रात्री दहाला सगळे या. वेंगुर्लेकरा, तू पुरावा म्हणून टाकलेला केसाळ टॅरँटुलाचा फोटो मी मोठा करून पाहिला. ते नारळाचं सोडण आहे. नसेल तर आठ पाय मोजून दाखव.