चेंडूला भिडतानाचा क्लब पुसट का येतो?

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि लेन्स
या वेळी बडोद्याहून आलेली चार पत्रं. चौघांनाही गोल्फचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून चेंडू मारण्याची हालचाल, स्लो मोशनमध्ये टिपायचा आहे.

प्रश्न (दांडिया बाजार) : मुलगा लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या मैदानावर शिकतो. त्याचे कोच स्विंगचा व्हिडिओ मागतात. माझा मिररलेस कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा आहे, लेन्स सोबत आलेली १८-५५ मिमी, आणि फुल एचडीत सेकंदाला १२० फ्रेम मिळतात. शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवावं असं वाचलं होतं, म्हणून १/२५० सेकंद ठेवलं. मुलगा स्वच्छ दिसतो, क्लबच्या जागी मात्र धुराचा पट्टा. २४० फ्रेमचा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : पैसे तूर्त खिशातच ठेवा. दुप्पट शटरचा नियम सिनेमावाल्यांचा, हालचाल डोळ्यांना मऊ वाटावी म्हणून. तुम्हाला मऊपणा नको आहे, क्लबची कड हवी आहे. सेकंदाला किती चित्रं निघतात हे फ्रेम ठरवतात. त्यातलं प्रत्येक चित्र किती स्वच्छ, हे शटर ठरवतं. फ्रेम दुप्पट केल्या आणि शटर तेच ठेवलं, तर पुसट चित्रं दुप्पट मिळतील, एवढंच.

हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब क्लबचं) डोकं चेंडूपाशी सेकंदाला सुमारे ४० मीटर वेगाने येतं. १/२५० मध्ये ते १६ सेंटिमीटर सरकतं, म्हणजे स्वतःच्या रुंदीहूनही जास्त. १/१००० ला ४ सेंटिमीटर, जवळजवळ चेंडूच्या व्यासाइतकं. १/४००० ला १ सेंटिमीटर, आणि इथे क्लबफेस (डोक्याची चेंडूला भिडणारी बाजू) उघडा की बंद, म्हणजे कुठे वळलेला, ते कळायला लागतं. हातांचा वेग क्लबच्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे मनगट, खांदे, कंबर एवढंच पाहायचं असेल तर १/१००० पुरे.

आता प्रकाश. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितका प्रकाश जास्त) आणि १/१०० हा जुना हिशेब आजही चालतो. तुमची लेन्स २४ मिमीच्या आसपास एफ/४ देत असेल, तर तोच प्रकाश १/१६०० ला पुरतो. १/४००० साठी आयएसओ २५० करा. कडुलिंबाच्या सावलीत दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) जातात, तिथे आयएसओ २००० पर्यंत जायला घाबरू नका. थोडे दाणे दिसले तरी कोचना चालतात, पुसट क्लब चालत नाही. बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढे. म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊनंतर जा, आणि ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येईल अशी जागा बघा.

मोड मॅन्युअल ठेवा. फोकस मुलाच्या कमरेच्या पट्ट्यावर धरून ऑटोफोकस बंद करा, नाहीतर मागून मोर गेला की फोकस त्याच्यामागे जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांत जास्त फ्रेमच्या मोडमध्ये चित्र कडेने कापलं जातं. तेव्हा पुढची अंतरं मैदानावर एकदा पडताळून घ्या.

समोरून घेताना कॅमेरा आडवा, २४ मिमी, अंतर ६ मीटर. यात सव्वातीन मीटर उंची मिळते, वर गेलेला ड्रायव्हरही मावतो. समोरून उभा कॅमेरा धरलात तर बाजूला गेलेला क्लब कापला जाईल. मागून, म्हणजे चेंडू जाणार त्या रेषेत घेताना मात्र कॅमेरा उभाच बरा : ३० मिमी, ५ मीटर.

मागच्या कॅमेऱ्याची जागा हीच खरी मेख आहे. जमिनीवर एक काठी लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवा, अशी की ती स्टान्स घेतल्यावर (मारायच्या पवित्र्यात उभं राहिल्यावर) हातांच्या बरोबर खाली येईल. तिची रेष सरळ मागे नेऊन तिच्यावर ट्रायपॉड रोवा आणि लेन्स हातांच्या उंचीवर आणा. ५ मीटरवरून कॅमेरा ३० सेंटिमीटर बाजूला गेला, तर नजर सुमारे साडेतीन अंशांनी तिरकी होते. कॅमेरा चेंडूकडे सरकला की टेकअवेत (क्लब मागे नेण्याच्या सुरुवातीला) क्लब आत ओढल्यासारखा दिसतो, टाचांकडे सरकला की बाहेर गेल्यासारखा. मग मुलाचा चांगला स्विंग कॅमेऱ्यापायी ‘दुरुस्त’ केला जातो. दर आठवड्याला तुलना करायची असेल तर ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा करून ठेवा.

प्रश्न (अलकापुरी) : फोनवर २४० फ्रेमने समोरून घेतलेल्या व्हिडिओत चेंडूपाशी शाफ्ट (क्लबचा दांडा) विळ्यासारखा वाकलेला दिसतो. शाफ्ट फार लवचीक आहे का?

उत्तर : शाफ्ट थोडा वाकतो हे खरं, पण विळ्याइतका नाही. फोनचा सेन्सर सगळं चित्र एकदम वाचत नाही, एकेक ओळ वरून खाली वाचतो. या वाचनाला ४ मिलिसेकंद लागले असं धरा. तेवढ्यात क्लबचं डोकं १६ सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे वरच्या ओळीतली मूठ आणि खालच्या ओळीतलं डोकं वेगवेगळ्या क्षणांची असतात. शटर १/८००० केलं तरी हा वाक जात नाही. कड तेवढी स्वच्छ होते.

फुकटातला उपाय असा : फोन उभा धरा. ओळी आता उभ्या झाल्या, चेंडूपाशीचा शाफ्टही जवळजवळ उभाच असतो, त्यामुळे तो बराचसा एकाच सुमाराच्या ओळींत टिपला जातो आणि सरळ दिसतो. बाजूला क्लब फ्रेमबाहेर जाईल, म्हणून हा प्रयोग फक्त इम्पॅक्ट, म्हणजे क्लब चेंडूला भिडतो तो क्षण, पाहण्यासाठी. सगळं चित्र एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटर सोनीच्या ए९ ३ या कॅमेऱ्यात आहे, पण शाफ्ट सरळ दिसावा म्हणून तो घेणं म्हणजे माशी मारायला तोफ.

प्रश्न (कारेलीबाग) : पावसाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये नेट लावतो. एलईडी ट्यूबखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकतात आणि उजेड धडधडतो.

उत्तर : आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. २४० फ्रेममध्ये प्रत्येक चित्राच्या वाट्याला त्यातला वेगळा तुकडा येतो. कॅमेऱ्यात पाल (५० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी) पद्धत निवडून १०० किंवा २०० फ्रेम लावा, धडधड बरीच कमी होते. शटर वेगवान असलं तर पट्टे उरतात. ते घालवायला बॅटरीवर चालणारे व्हिडिओचे एलईडी पॅनेल आणा आणि पूर्ण तेजावर ठेवा, कारण मंद केल्यावर काही पॅनेल स्वतःच लुकलुकतात. एफ/१.८, आयएसओ ३२०० आणि १/२००० साठी सुमारे ५०० लक्स (उजेडाचं माप) लागतात. घरगुती ट्यूबखाली १००-१५० च्या आसपासच मिळतात. पॅनेल २ मीटरवरून १ मीटरवर आणलं की उजेड चौपट, पण क्लबच्या घेराबाहेरच ठेवा.

प्रश्न (रावपुरा) : फोनमध्ये ९६० फ्रेमचा मोड आहे. त्यात चेंडू आणि क्लब भिडल्याचा क्षण का सापडत नाही?

उत्तर : तो स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो आणि ९६० मध्येही दोन फ्रेममधलं अंतर एका मिलिसेकंदाहून जास्त असतं. २४० मध्ये तर आठ-नऊ स्विंगमागे एखाद्यात तो सापडेल. त्यातून बऱ्याच फोनांत ९६० मधल्या मधल्या फ्रेम फोनने रचलेल्या असतात. व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवून पाहा : क्लबचं डोकं कुठे दोन दिसलं, कुठे विरघळलं, तर ती फ्रेम बनावट. मग २४० वरच या, फोन ट्रायपॉडवर ठेवा, स्क्रीन दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि दहा चेंडू मारा.