पैठणकडून कोकणात जाऊन उथळ खाडीत छोट्या होडीतून मासे धरायचे आहेत, बेत कसा आखावा?

नाथसागरावर गळ टाकायची सवय असली तरी खाडीचं गणित वेगळं आहे. आपल्या धरणाचं पाणी दिवसभर जागेवर असतं, तिथलं सहा तासांत निघून जातं. म्हणून आधी तिथी बघा, मग रजा टाका.

जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. हा झाला अंदाज, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जबर. नवख्याने अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी, धरावी. पाणी चढताना निघा आणि उतरायला लागलं की परत फिरा. होडी चिखलात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत उन्हात बसणं आलं. ढकलायला खाली मात्र उतरू नका, गाळात पाय अडकतो.

लाइफ जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी. वाट माहीत असलेला गावातला होडीवाला सोबत घ्या, त्यात कंजूषपणा नको. जून-जुलै सोडूनच द्या, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते.