‘मग मी सांगणारच नाही’

मुलांवरच्या अत्याचाराची एखादी मोठी बातमी येते आणि पुढच्या काही दिवसांत पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न जवळपास एकच असतो. “मूल विचारतंय, त्या माणसाला फाशी देणार का? काय सांगू?” काही जण लगेच पुढे म्हणतात, “आम्ही ‘हो’ म्हणून टाकलं, म्हणजे निदान झोपेल तरी.”

पण मूल झोपत नाही, आणि म्हणून ते माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात.

अशा अनेक मुलांपैकी एकीच्या सात भेटी इथे थोडक्यात मांडते आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. मुलगी नऊ वर्षांची. बातमी ऐकल्यापासून रोज रात्री तीन-चार वेळा उठून दाराची कडी तपासायची. एकटी बाथरूममध्ये जाईना. आई-वडिलांनी समजूत काढण्यात कसूर केली नव्हती. बाबा तिला रोज सांगत, “अशांना भर चौकात लटकवायला पाहिजे, आणि लटकवणारच आहेत. तू कशाला घाबरतेस?” त्या बोलण्यामागे मायाच होती. पण मुलीने कडी तपासणं काही थांबवलं नाही.

पहिल्या भेटीत मी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती प्रत्येक मुलाला सांगते. तू इथे बोललेलं मी कोणाला सांगत नाही, पण तुला कोणी इजा करत असेल तर मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावंच लागेल. कायद्याने ते माझ्यावर बंधनकारक आहे, आणि मुलाला ते आधी माहीत असायला हवं.

दुसऱ्या भेटीत ती सहज बोलल्यासारखं विचारून गेली, “कोणाला ढकललं आणि रक्त आलं, तर किती वर्षं?”

वर्गातल्या एका मैत्रिणीला तिने धक्का दिला होता आणि तिचं कोपर फुटलं होतं. घरी हट्ट केला की आई अधूनमधून म्हणायची, “थांब, पोलीसकाकांना बोलावते.” हे वाक्य वाटतं साधं, पण मुलाच्या मनात ते एक हिशोब तयार करतं: पोलीस वाईट माणसांना नेतात, पोलीस मलाही नेणार, म्हणजे मीही त्यातलीच. असं मूल संकटात पोलिसांकडे धावणार नाही, लपून बसेल. पालकांना मी सगळ्यात आधी हेच वाक्य सोडायला सांगते, आणि ते त्याच दिवसापासून.

तिला मी खरं तेच सांगितलं. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी आपला कायदा त्याला गुन्हा मानत नाही. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृतीचा अर्थ कळत होता का, हे आधी पाहिलं जातं. आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी बाल न्याय मंडळ असतं. कोपर फुटलं त्याबद्दल मैत्रिणीची माफी मागायची, एवढंच. “एवढंच?” तिने दोनदा विचारलं.

इथे थोडं थांबून मुलांच्या न्यायबुद्धीबद्दल सांगायला हवं, कारण माझी सगळी कामाची बैठक त्यावर आहे. जाँ पियाजे हे स्विस मानसशास्त्रज्ञ मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाच्या हातून दार उघडताना चुकून पंधरा कप फुटले, दुसऱ्याच्या हातून चोरून मुरांबा काढताना एकच कप फुटला. जास्त चूक कोणाची? लहान मुलं सहसा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवत. त्यांच्या लेखी जितकं नुकसान मोठं तितका गुन्हा मोठा, आणि शिक्षा जितकी कडक तितकी ती बरोबर. हेतू पाहायचा असतो ही समज हळूहळू येते. तोवर मुलाच्या जगात चूक आणि शिक्षा यांच्यामध्ये कोणी माणसं नसतात, पुरावा नसतो, प्रमाणही नसतं. “लटकवणार” हा शब्द त्या जगात थेट जाऊन बसतो आणि वाढत जातो.

म्हणून शिक्षा किती कडक, हे सांगून मूल शांत होत नाही. शिक्षा कोण ठरवतं, कशी ठरवतं आणि त्यात आपलं काम किती, हे कळलं की होतं.

पाचव्या भेटीत मी जमिनीवर आठ चिठ्ठ्या ठेवल्या. मूल. विश्वासाचं मोठं माणूस. पोलीस. डॉक्टर. सरकारी वकील. आरोपीचा वकील. न्यायाधीश. तुरुंग. तिला म्हटलं, बातमीत जे झालं ते या चिठ्ठ्यांनी मांडून दाखव.

बाकीच्या चिठ्ठ्या तिने भराभर लावल्या. ‘मूल’ ही चिठ्ठी मात्र हातात धरून बसली आणि शेवटी ‘तुरुंग’ला अगदी चिकटवून ठेवली.

“ती इथे का?”

“तिने सांगितलं म्हणूनच तो आत गेला ना.”

“इथे उभं राहून तिला काय वाटत असेल?”

“तिनेच मारलं त्याला, असं.” थोड्या वेळाने, चिठ्ठीचा कोपरा दुमडत ती म्हणाली, “आणि काका असेल तर काकू रडेल. आजी तिच्याशी बोलणारच नाही.” मग माझ्याकडे न बघता, “मग मी सांगणारच नाही.”

मी या वाक्याशी बराच वेळ थांबले. घरातल्या सगळ्यांनी तिला धीर यावा म्हणून जे सांगितलं होतं, त्यानेच तिचं तोंड बंद केलं होतं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं हेच दाखवते. अनोळखी राक्षसाला फाशी हवीच असते. पण ज्याच्या मांडीवर बसून आपण खेळलो, त्याला फाशी व्हावी असं कुठल्या मुलाला वाटेल? आणि अत्याचार करणारा माणूस नेमकं हेच बोलून मुलाला गप्प करतो: “तू सांगितलंस तर मला फाशी देतील.” आपण रागाच्या भरात त्याची धमकी खरी ठरवून ठेवलेली असते. पालकांच्या प्रश्नाचं उत्तर मला या मुलीच्या चिठ्ठीत नेमकेपणाने सापडलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक घरात त्याच जागेपासून सुरुवात करते.

असं वाक्य आल्यावर मोठ्यांच्या हातून होणारी चूक म्हणजे प्रश्नांचा भडिमार. “कोण काका? काय केलं? कधी?” मूल घाबरून माघार घेतं, किंवा आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. मी एवढंच विचारलं, “हे बोलताना तुझ्या मनात कोणी आलं का?” “नाही. शाळेत सांगितलं होतं, ओळखीचेपण असू शकतात.” पुढच्या भेटीत वेगळ्या ओघात हाच प्रश्न पुन्हा मोकळा सोडला. तसं काही नव्हतं.

असतं, तर काय करायचं तेही पालकांनी आधीच माहीत करून घ्यावं. मुलाच्या शेजारी बसा, ते बोलेल तितकंच ऐका, ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. “बरं झालं सांगितलंस, तुझी यात चूक नाही,” एवढं बोला. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. घटना नुकतीच असेल तर आंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. मग १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, किंवा कुठलंही पोलीस ठाणे. हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. आणि घरातल्या पाच जणांसमोर मुलाला तीच हकिकत पाच वेळा सांगायला लावू नका.

परत चिठ्ठ्यांकडे. मी तिला विचारलं, “किती वर्षं आत ठेवायचं, हे यातलं कोण ठरवतं?” तिने न्यायाधीशावर बोट ठेवलं. “आणि मूल?” ती गप्प. मग आम्ही एकेक चिठ्ठी उचलून तिचं काम काय ते बोललो. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यात, मुलांसाठी केलेल्या तरतुदी इथे फार उपयोगी पडतात, कारण त्या डोळ्यांसमोर उभ्या करता येतात. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घेतात. शक्यतो महिला अधिकारी येतात, आणि गणवेशात येत नाहीत. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. न्यायालयात आरोपी मुलासमोर येणार नाही अशी व्यवस्था करतात, पडदा लावून किंवा व्हिडिओवरून. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. मध्ये मध्ये सुट्टी मिळते. आई-बाबा सोबत असतात, बाकी लोकांना आत येऊ देत नाहीत. मुलाचं नाव बातमीत छापता येत नाही.

“गणवेश नाही?” हे तिला सगळ्यात आवडलं.

मग तिचा खरा प्रश्न आला. “वाईट माणसाला वकील कशाला?” पालक बहुतेक वेळा इथेच अडखळतात, कारण त्यांच्याही मनात तेच असतं. मी म्हटलं, “तोच माणूस होता हे पक्कं करायला. चुकीच्या माणसाला धरलं तर खरा बाहेरच राहील.” तिने दोन्ही वकिलांच्या चिठ्ठ्या न्यायाधीशाच्या दोन बाजूंना सरळ लावल्या.

वयाप्रमाणे किती सांगायचं, हेही पालक विचारतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तीन वाक्यं पुरतात: त्या माणसाने दुसऱ्याला इजा केली, पोलिसांनी त्याला नेलं, त्याने पुन्हा कोणाला इजा करू नये म्हणून काय करायचं ते न्यायाधीश ठरवतील. आठ ते अकराला चिठ्ठ्यांसारखी मांडणी. बारानंतर आकडे सांगा, आणि बरोबर सांगा, कारण या वयाची मुलं इंटरनेटवर तपासून बघतात आणि तुम्ही चुकीचं सांगितलेलं निघालं की पुढचंही ऐकत नाहीत.

आकड्यांमध्ये प्रमाण दिसायला हवं. वाईट हेतूने केलेल्या स्पर्शाला पोक्सोखाली ३ ते ५ वर्षं. तोच स्पर्श नातेवाइकाने किंवा शाळेतल्या शिक्षकाने केला, किंवा मूल बारा वर्षांखालचं असेल, तर ५ ते ७. विश्वास तोडणं कायद्याने जास्त गंभीर मानलं आहे, हे मोठ्या मुलांना मुद्दाम दाखवावं. सोळा वर्षांखालच्या मुलावर बलात्कारासारखा अत्याचार झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अपहरणाला ७ वर्षांपर्यंत, ॲसिड हल्ल्याला किमान १० वर्षं ते जन्मठेप, खुनाला जन्मठेप किंवा मृत्युदंड. मृत्युदंड दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवून दिलं, आणि सत्र न्यायालयाने तो दिला तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. म्हणजे “सांगितलं की फाशी” हे खोटं आहे, आणि धमकी देणाऱ्याचं बळ त्या खोट्यातच असतं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज मोठ्यांकडूनच मुलांकडे जातो. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. सरकार शिक्षा कमी करू शकतं, पण ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही होऊ शकला असता त्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढण्याआधी सुटका नाही. चौदाचा आकडा तिथून आला आहे.

आणखी एक जागा जिथे घरोघरी गडबड होते: जामीन. “त्याला शिक्षा होणारच” असं वचन दिलेलं असतं आणि महिन्याभराने तो जामिनावर सुटल्याची बातमी येते. मुलाच्या लेखी आई-बाबा खोटं बोलले. पोक्सोचा खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो. म्हणून निकालाचं वचन देऊ नये. “खटला संपेपर्यंत त्याला अटी घालून बाहेर राहू दिलंय, अटी मोडल्या तर पुन्हा आत,” हे खरं आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाला कळतं.

सहाव्या भेटीत मी आई-बाबांना चिठ्ठ्या मांडून दाखवल्या आणि ‘मूल’ ही चिठ्ठी तिने कुठे ठेवली होती ते सांगितलं. बाबा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “तिला सुरक्षित वाटावं, एवढंच मला हवं होतं.” त्या रात्री त्यांनी तिला सांगितलं की लटकवायचं ते रागात बोलत होते, आणि असं राग येईल तसं कोणालाच करता येत नाही, त्यांनाही नाही. कडी तपासणं त्यानंतरच्या आठवड्यात रात्रीतून एकदावर आलं.

शेवटच्या भेटीत आई सोबत बसली होती. मुलीने चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. ‘मूल’ या वेळी ‘विश्वासाचं मोठं माणूस’च्या शेजारी होती, तुरुंगापासून सहा चिठ्ठ्या लांब. मग तिने कोरा कागद मागितला, त्यावर ‘घर’ लिहिलं आणि तो रांगेच्या बाहेर ठेवला.

“सांगून झालं की ती इथे जाते,” ती म्हणाली. मग आईकडे वळली. “मी काही सांगितलं तर तू आधी ओरडशील की आधी ऐकशील?”

आईने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. “आधी ऐकेन.”

मुलीने पेन्सिल उचलली आणि मोठ्या माणसाच्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात लिहिलं: आधी ऐकणार.