अकरा अर्धवट पाती

प्रश्न : आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. मुलगा 12वीला आहे, पीसीएम. कोचिंगचे सव्वा लाख भरून झाले. पण दीड वर्षापासून त्याला गच्चीवरच्या खोलीत चाकू बनवण्याचं खूळ लागलंय. परवा तो क्लासला गेल्यावर वर जाऊन मोजलं : अकरा पाती, एकालाही मूठ नाही, एकालाही धार नाही. दोन वाकडी, एक मोडून दोन तुकडे करून ठेवलेलं. तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ. आईचा केकचा ओव्हन वर नेलाय. एका वहीत तारखा आणि आकडे लिहीत बसतो, ती फिजिक्सची वही नव्हे. पूर्ण झालेली सुरी एकच, ती आईला दिली. ती हल्ली विळी सोडून तीच वापरते. प्री-बोर्डात केमिस्ट्रीत 41. उद्या पोलिसांचं काही झालं तर? एवढीच आवड असेल तर मेटलर्जी (धातुशास्त्र) घेऊन देतो, पण आयआयटीतच. जो एक चाकू पुरा करत नाही तो आयुष्यात काय पुरं करणार?

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, वर त्याचा गोषवारा दिलाय. चार पानांत केमिस्ट्रीला एक ओळ आणि पात्यांच्या यादीला दीड पान! मुलगा घरात नसताना वर जायचं, पंचनामा करायचा आणि तो तिऱ्हाइताला पाठवायचा, हे मला 41 मार्कांपेक्षा जास्त खटकलं. तो खोलीत असताना गेला असतात तर यादीतल्या प्रत्येक ओळीचा खुलासा तिथेच मिळाला असता.

तो मी दुसरीकडून मिळवला. टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं घडवतात तिथे, तीस वर्षं काढलेल्या माझ्या एका मित्राला तुमची यादी फोनवर वाचून दाखवली. 'एकालाही धार नाही' म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बरोबरच आहे की." पोलादाला पाणी देण्याआधी, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून ते कडक करण्याआधी, धारेची कड जाड ठेवतात, साधारण मिलिमीटरभर. आधीच पातळ केली तर लाल झालेलं पातं तेलात बुडवताना वाकतं, नाही तर तडकतं. मुठीच्या पिनांची भोकंही आधीच पाडायची, कारण नंतर ड्रिल लागत नाही. मग भट्टी एकदाच पेटवायची म्हणून पाती साठवून ठेवायची. मूठ त्यानंतर. धार सगळ्यात शेवटी. तेव्हा तुम्ही मोजलीत ती रांगेत उभी असलेली पाती आहेत. वाकडी दोन बहुधा तेलात वाकली असणार. ती त्याने फेकली नाहीत, जवळ ठेवली, हे मला आवडलं.

आता ते मोडलेलं. तुकडे जपून ठेवलेत, म्हणजे ते मुद्दाम मोडलेलं असण्याचीच शक्यता जास्त. पाणी दिलेला तुकडा मोडून आतला दाणा बघतात. राखाडी, मखमलीसारखा बारीक दिसला तर तापमान जमलं. साखरेसारखा चमचमणारा जाड दाणा दिसला तर पोलाद जास्त तापलं. तिथे दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक दिसलं का? पोलाद 770 अंशांच्या आसपास पोहोचलं की त्याला चुंबक चिकटत नाही. घरच्या भट्टीवर तोच थर्मामीटर. त्याच्याही थोडं वर नेऊन मग तेलात बुडवायचं. ओव्हन लागतो तो त्यानंतर. पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, ते 200 अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा तापवून थोडं नरमवावं लागतं. वहीतले आकडे याचेच असणार. केमिस्ट्रीत 41 मिळवणारा मुलगा वर गच्चीत काय करतोय, ते बघा जरा.

मेटलर्जीबद्दल एक गैरसमज मात्र काढायला हवा. या शाखेत चाकू करायला शिकवत नाहीत. तिथे असतात फेज डायग्राम, गंज, ओतकाम, वेल्डिंग, सूक्ष्मदर्शकाखालचे नमुने आणि भरपूर गणित. पुढे स्टील प्लांट, वाहनांचे सुटे भाग, टेस्टिंग लॅब. विषय उत्तम आहे आणि सिमरोलच्या आपल्या आयआयटीत तो आहेही. पण हाताला काम हवं असलेला मुलगा तिथे चार वर्षं खिडकीबाहेर बघत बसू शकतो. त्याच्या हाताला जवळची जागा तुमच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सांवेर रोडवर आहे : इंडो-जर्मन टूल रूम. तिथला टूल अँड डाय (हत्यारं आणि साचे) मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा 10वीच्या पात्रतेवर आहे. 12वीनंतर डिप्लोमा म्हणजे पायरी उतरणं, असं तुम्ही म्हणणार. डाय बनवणाऱ्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळावा लागतो, त्याला पायरी उतरणं म्हणत नाहीत. आधी एकदा मुलाला घेऊन बघून या. जेईई मेन द्यायचीच, मध्य प्रदेशात इंजिनिअरिंगचे प्रवेश आधी त्यावर होतात. आणि बोर्डापर्यंत केमिस्ट्रीला रोज तास, यात सूट नाही.

पोलिसांचं म्हणाल तर शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी घडवलेले वगळून. स्वयंपाकघरातली सुरी चालते. खंजीर आणि तलवार परवान्याशिवाय बनवायची नाही. तसली फर्माईश कुणी केली तर त्याने सरळ नाही म्हणावं.

त्यालाही एक गोष्ट ऐकवायची आहे. यावर लगेच पोट भरायचं स्वप्न असेल तर हिशेब मांड. समजा एका सुरीला पंधरा तास लागले आणि ती 2,500 रुपयांना गेली. पट्टी, बेल्ट, शिसवी, पितळी पिना, वीज यांचे हजार वजा केलेस तर तासाला शंभर रुपये उरतात, आणि तेही गिऱ्हाईक मिळालं तर.

सव्वा लाख भरलेत आणि मुलगा रुमाल बांधून ग्राइंडर चालवतोय! लोखंडाची आणि शिसवीची धूळ फुप्फुसात जाते, रुमालाने ती अडत नाही. फिल्टर बदलता येतात तसा रबरी मास्क आणि बंद गॉगल सियागंजच्या बाजारात मिळेल. या रविवारीच आणा. शक्यतो दोघांनी जाऊन.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, त्याला लिहू द्या. सोबत त्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवायला सांगा. तेल कुठलं वापरतो ते माझ्या मित्राला बघायचंय.