सगळंच पिवळं झालं, तर आठवणार काय?

“मॅडम, माझी स्मरणशक्तीच कमी आहे. तीन-तीनदा वाचते, पण पुस्तक मिटलं की सगळं कोरं.”

स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींकडून हे वाक्य मी सतत ऐकते. ही मुलगी मराठवाड्यातून पुण्यात आलेली, वय चोवीस. सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरायची आणि रात्री दहाला उठायची. घरून बदाम आले होते, मैत्रिणीने कसल्याशा गोळ्याही सुचवल्या होत्या. झोप, जेवण, मन:स्थिती हे सगळं मी आधी विचारून घेतलं, कारण कधीकधी विसरण्याचं मूळ तिथे असतं आणि मग डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. हिची झोप थोडी कमी होती, एवढंच. मी म्हटलं, “पुढच्या वेळी पुस्तक घेऊन ये.”

तिने इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि मला वाईट वाटलं. किती कष्ट केले होते पोरीने! पान न् पान पिवळं, त्यावर गुलाबी, कडेला हिरव्या रेघा. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांचं पान काढलं आणि पुस्तक बाजूला ठेवून विचारलं, “काय आठवतं?”

“12 मे 1875, सुपे, पुणे जिल्हा. 1879 चा शेतकरी कायदा.”

“शेतकरी का उठले?”

ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी आलं.

उत्तर त्याच पानावर होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला, परंतु 1865 मध्ये युद्ध संपल्यावर तो कोसळला. त्यातच शेतसारा वाढलेला. परिणामी शेतकरी सावकाराच्या कर्जात रुतला. म्हणूनच दंग्यांत कर्जरोखे जाळले गेले. तिने कापूस, युद्ध, सारा, सावकार हे सगळे शब्द रंगवले होते. ‘परंतु’, ‘त्यातच’, ‘परिणामी’ तेवढे कोरे राहिले होते. खरं तर तेच शब्द एका घटनेला दुसरीशी बांधतात. ते सुटले की हातात सुटे मणी उरतात.

रंगाचंही तसंच. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधिकेने 1933 मध्ये दाखवलं की सारख्या गोष्टींच्या रांगेत एखादी वेगळी असेल, तर ती जास्त लक्षात राहते. पण पान अख्खंच पिवळं असेल, तर वेगळं काय उरलं?

मग मी तिला चार ओळी वाचून दाखवल्या: “दोन गोष्टी एकत्र करा, एक कोरडी, एक गरम. तळव्याचा जोर लावा, घाई नको. मग गोल फिरवत पसरवा. उलटण्याआधी वरून ओलावा द्या.” तिला दोनच गोष्टी सांगता आल्या. “ही भाकरी आहे,” म्हटल्यावर ती हसली. ज्वारीच्या भाकरी थापत वाढलेली मुलगी! पण हसली तरी निसटलेल्या ओळी परत आल्या नाहीत. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये असाच प्रयोग केला होता. विषय आधी कळलेल्यांना मजकूर बराच जास्त आठवला. वाचून झाल्यावर विषय सांगितला, त्याचा उपयोग झाला नाही. आणि ही मुलगी शीर्षकं ओलांडून थेट परिच्छेदात शिरत होती, “त्यात मार्काचं काही नसतं” म्हणून.

तिला सांगितलं ते एवढंच. आधी प्रकरणातली फक्त शीर्षकं वाच आणि प्रत्येकाचा प्रश्न कर. ‘दंग्यांची कारणे’ असेल तर ‘दंगे का झाले?’ परिच्छेद संपेपर्यंत हातात काही धरू नकोस. मग पेन्सिलीने जोडणाऱ्या शब्दाला गोल कर आणि एकच ओळ अधोरेखित कर. शेवटी पुस्तक झाकून, नुसती शीर्षकं समोर ठेवून, मोठ्याने सांग. या शेवटच्या पायरीबद्दल मी हट्टी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना ‘येतंय की’ असं वाटतं, आणि त्या वाटण्यावर मुलं विसंबून राहतात.

पहिला आठवडा तिला फार जड गेला. “दिवसाला दहाच पानं होतात, बाकीच्यांची चाळीस होतात,” म्हणून ती रडली. मी तिला समजावलं नाही, शेजारी बसून दोन पानं तिच्याबरोबर केली.

चौथ्या भेटीत तिने मेसच्या वाटेवर मैत्रिणीला दख्खनचे दंगे सांगितल्याचं सांगितलं. मलाही सांगितले, कापसापासून कर्जरोख्यांपर्यंत, न अडखळता. सन मात्र 1876 म्हणाली. मी काही बोलायच्या आत थांबली, पुस्तक उघडलं आणि 1875 वर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. त्या पानावर दुसरी रेघ नव्हती. पुस्तक तिने नवं घेतलं होतं.