वाचक विचारतात : बेसबॉलमधल्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) वेग आणि पिचरचं कोपर

प्रश्न : लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर क्लेटन कर्शॉ 2025च्या हंगामानंतर निवृत्त झाला. शेवटी त्याचा फास्टबॉल ताशी 90 मैलही जेमतेम गाठत होता. 98 मैलांनी टाकणाऱ्या पोरांच्या काळात तो टिकला कसा?

उत्तर : दोन चेंडूंच्या वेगातल्या फरकावर. पिचर उभा राहतो त्या माउंडवरच्या (उंचवट्यावरच्या) रबरी पट्टीपासून बॅटरजवळची होमप्लेट 60 फूट 6 इंचांवर. 89 मैलांचा चेंडू साधारण 0.42 सेकंदात पोहोचतो; 72 मैलांचा कर्व्हबॉल (हळू, खाली वळणारा चेंडू) त्याहून सेकंदाचा दहावा हिस्सा उशिरा येतो, आणि तोवर बॅट फिरून गेलेली असते. शिवाय त्याचा स्लायडर (बाजूला वळणारा वेगवान चेंडू) हातातून सुटताना फास्टबॉलसारखाच दिसायचा, वळायचा तो अगदी शेवटी. वय 37, 2023च्या अखेरीस खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, तरी त्या हंगामात 11 विजय, 2 पराभव आणि 2 जुलैला 3000वा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं). अठराही हंगाम डॉजर्सकडून. वेग ओसरल्यावर बॅटरला कसं फसवायचं हे माउंडवर दाखवणारे आता फार थोडे उरलेत, म्हणून त्याचं जाणं लागतं. जेमी मॉयर 2012मध्ये वयाच्या 49व्या वर्षी सामना जिंकला, तेव्हा त्याचा फास्टबॉल 80 मैलांच्या आसपास होता. त्या वेगाच्या मुलाला आज कोणी निवडणार नाही.

प्रश्न : तरुण पिचर पॉल स्कीन्सची गोलंदाजी बघताना आनंद होतो आणि धास्तीही वाटते. इतक्या तरुण पिचरांचं कोपर का जातं?

उत्तर : कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं आणि हाताचं हाड बांधणारा एक छोटा अस्थिबंध असतो. हात मागून झपकन पुढे येतो, त्या क्षणी सगळ्यात जास्त ताण त्याच्यावर. शेजारचे स्नायू व्यायामाने बळावतात आणि ताण वाटून घेतात. ते दमले की सगळं ओझं अस्थिबंधावर येतं. पूर्वी आठ-नऊ इनिंग टाकायच्या म्हणून पिचर जोर राखून टाकत, अडचणीच्या वेळी वाढवत. आता पाच-सहा इनिंगच मिळतात, तेव्हा पहिल्या चेंडूपासून पूर्ण ताकद. फास्टबॉलचा सरासरी वेग 2008मध्ये 91 मैलांच्या आसपास होता, आज 94च्या वर आहे.

अस्थिबंध फाटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी ती 1974मध्ये प्रथम केली : बहुधा मनगटाकडची एक कंडरा काढायची आणि हाडांत छिद्रं पाडून त्यांतून ओवायची. परतायला 12 ते 18 महिने. जॉन स्वतः त्यानंतर 164 सामने जिंकला, पण प्रत्येकाचं तसं होत नाही.

स्कीन्सचे 2024 आणि 2025 हे दोन्ही हंगाम दोनच्या आतल्या ईआरएचे (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी), दुसऱ्यात सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. सामना बघताना तीन गोष्टींवर नजर ठेवा : वेग अचानक दोन-तीन मैलांनी उतरणं, चेंडू वारंवार वर राहणं, कोपर नेहमीपेक्षा खाली येणं.

प्रश्न : मुलगा 12 वर्षांचा आहे, पिचिंग करतो. किती टाकू द्यावं?

उत्तर : अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांनुसार 11-12 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू. 66 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती, 51 ते 65ला तीन, 36 ते 50ला दोन, 21 ते 35ला एक. दोन संघांकडून खेळत असेल तर दोन्हीकडची मोजणी एकत्र करा. चूक होते ती इथेच, कारण प्रत्येक प्रशिक्षक फक्त आपले चेंडू मोजतो. पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं करू नका. वर्षातून चार महिने पिचिंग पूर्ण बंद. आधी फास्टबॉल, मग चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू चेंडू). स्लायडरची घाई नको. आणि कोपराची आतली बाजू दुखते म्हणाला, तर त्या दिवशीचा चेंडू तिथेच थांबवा.