कुठे लिहिलंय ते दाखव

प्रिय मुला,

रात्री साडेअकराला तू घ्यायच्या फ्लॅटच्या लीजची, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेकराराची, बेचाळीस पानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीस आणि खाली एकच ओळ लिहिलीस, "काकू, सॉलिसिटर म्हणतो सगळं स्टँडर्ड आहे, सही करू ना?" मी वाचायला बसले ती दोन वाजता उठले. तू स्वतः वाचलेलं नाहीस, हे तुझ्या प्रश्नावरूनच कळलं.

इथे इंग्लंडमध्ये एक्स-कौन्सिल, म्हणजे पूर्वी कौन्सिलचा (इथल्या नगरपालिकेचा) असलेला फ्लॅट स्वस्त पडतो, खोल्या मोठ्या असतात, स्टेशन जवळ असतं. आम्हीही त्यालाच भुललो होतो. पण आपण भारतातून येताना 'घर घेतलं' हे शब्द सोबत घेऊन येतो आणि तिथेच फसतो. तू घर घेत नाहीयेस. १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहती घरं विकत घ्यायचा हक्क मिळाला. त्यातल्या कुणा एकाला जी लीज करून दिली, तिचा उरलेला भाग तू घेतोयस. घरमालक कौन्सिलच. तुझं काय आणि त्यांचं काय, हे ना एजंटला ठाऊक, ना शेजाऱ्याला. ते त्या बेचाळीस पानांत आहे. कोणी काहीही सांगितलं तरी एकच विचारायचं: कुठे लिहिलंय ते दाखव.

तू म्हणालास, फ्लॅट २००३ साली विकला गेला, म्हणजे शंभराच्या वर वर्षं शिल्लक आहेत. पान दोन उघड. मुदत १२५ वर्षं, पण १९८४ पासून! बिल्डिंगमधला पहिला फ्लॅट विकला गेला तेव्हाची तारीख पुढच्या लीजनाही लावायची मुभा कौन्सिलला होती. म्हणजे तुझी लीज २१०९ ला संपते आणि २०२९ मध्ये ८० वर्षांच्या खाली जाते. ८० च्या खाली गेलं की मुदत वाढवायला 'मॅरेज व्हॅल्यू' नावाची जादा रक्कम लागते. २०२४ च्या नव्या कायद्यात ती काढून टाकायची तरतूद आहे. पण तरतुदीच्या भरवशावर घर घेऊ नये. एक बरं झालंय, मुदतवाढ मागायला आधी दोन वर्षं मालकी लागायची, ती अट जानेवारी २०२५ अखेरीस गेली.

आता माझं ऐक, कारण हे मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. छपराच्या कामाचं बिल आलं, आमच्या वाट्याला अकरा हजार पौंड. मी म्हटलं, छप्पर वरच्यांचं, मी का देऊ? आमचे हे म्हणाले, भरून टाक. मी ऐकलं नाही. दीड वर्ष पत्रं लिहिली, एकाहून एक कडक. लीज मात्र कपाटात. तिच्या तिसऱ्या परिशिष्टात सरळ लिहिलं होतं की सगळ्या इमारतीच्या खर्चाचा ठरलेला हिस्सा आम्ही द्यायचा, मजला कुठलाही असो. आणि दोन पानं पुढे, थकबाकी वसूल करायला घरमालकाला जो कायदेशीर खर्च येईल तोही आमच्याच माथी. छपरापेक्षा ते कलम जास्त झोंबलं.

मी अगदीच चुकीची होते असं मात्र नाही. छपराच्या कामासाठी बांधलेलं मचाण पाच महिने उभं होतं आणि त्यातले दोन महिने त्यावर माणूस चढला नव्हता, मी रोज खिडकीतून बघत होते. १९८५ च्या कायद्याप्रमाणे सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या खर्चाचा आपला हिस्सा, वाजवीच हवा. त्या मुद्द्यावर ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, गेले असते तर काही रक्कम कमी झाली असती असं मला आजही वाटतं. पण मी भांडले छपरावरून. कलम वाचलं असतं तर मचाणावरून भांडले असते. ह्यांच्याशी त्या काळात जे बोलले ते वेगळंच.

तू म्हणशील, एवढं अन्यायाचं असेल तर कोर्ट बघेल की. वेल्समधल्या गोवर किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या बंगल्यांचा खटला २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. लीजमध्ये ९० पौंडांचा सर्व्हिस चार्ज, दरवर्षी चक्रवाढीने १० टक्के वाढणारा. त्या हिशेबाने २०७२ साली एका बंगल्याला वर्षाला साडेपाच लाख पौंडांहून जास्त! कोर्टाने काय केलं? लिहिलंय ते लिहिलंय, म्हणाले.

तेव्हा 'स्टँडर्ड' शब्द सॉलिसिटरच्या तोंडी आला की विचार, कुठलं कलम? तुझ्या लीजमध्ये 'दुरुस्ती'च्या पुढे 'आणि सुधारणा' असे दोन शब्द आहेत, पाहिलेस? दुरुस्तीचे पैसे द्यायचेच. पण त्या दोन शब्दांमुळे चांगल्या खिडक्या काढून नव्या बसवल्या तरी बिल येऊ शकतं. लंडनच्या हाउन्स्लोमध्ये कौन्सिलच्या एका वसाहतीत असंच ५५ हजार पौंडांचं बिल आलं होतं. २०१७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की सुधारणा असेल तर लीजहोल्डरांचं (लीजवर घर घेतलेल्यांचं) म्हणणं आणि त्यांच्या खिशावरचा भारही लक्षात घ्यायला हवा. आधार आहे, पण तो मिळवायला वर्षं जातात.

आणि विक्रेत्याकडून नुसती यंदाच्या सर्व्हिस चार्जची पावती घेऊ नकोस. तीन वर्षांचे हिशेब माग, सेक्शन २० ची, म्हणजे मोठ्या कामाआधीची, नोटीस निघालीय का विचार, पुढच्या पाच वर्षांत लिफ्ट, छप्पर, खिडक्या यांचं काय ठरलंय ते लेखी घे. एका लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांच्या वर येणारं काम असेल तर कौन्सिलने आधी लीजहोल्डरांना ही नोटीस द्यायलाच हवी. नोटीस विक्रेत्याला आली आणि बिल ताबा घेतल्यावर आलं, तर भरणार तू. म्हणून त्याच्या पैशातली काही रक्कम सॉलिसिटरकडे अडकवून ठेवायची. त्याला राग येईल. येऊ दे.

शनिवारी ये. प्रिंट काढून आण, फोनवर दाखवलंस तर मी बघणार नाही. पोह्यांचं मी बघते. येण्याआधी एवढंच शोधून ठेव, तुझ्या बेडरूमच्या खिडकीची काच कोणाची आणि चौकट कोणाची. पान सात.

तुझी,
काकू